भाडेकरूची दोन भाषणं

त्या वर्षी गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेचा विषय मंडळाच्या बैठकीत चहा यायच्या आत ठरला : ‘सीमेवर भिंत हवीच’. शेवटी प्रश्नचिन्ह टाकावं, म्हणजे वक्त्याला निदान काही काम उरेल, असं मी सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, “प्रश्न पडलाय कोणाला? तुम्हाला? मग तुमचा तुम्ही घरी सोडवा.” हशा झाला आणि विषय मंजूर झाला.

उज्जैनच्या आमच्या मंडळात दोन प्रकारची मराठी माणसं आहेत. एक, ज्यांचे पूर्वज अठराव्या शतकात फौजेच्या आणि दरबाराच्या मागोमाग इथे आले. दुसरी, जी रेल्वेच्या, बँकेच्या किंवा शाळेच्या नोकरीत बदली होऊन आली आणि इथेच राहिली. पहिले दुसऱ्यांना ‘बदलीवाले’ म्हणतात. दुसरे पहिल्यांच्या मराठीला हसतात, कारण तिच्यात निम्मी हिंदी असते. मी पहिल्यांपैकी. नोकरी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर केली, त्यामुळे उरलेली निम्मीही हिंदीच झाली असं अध्यक्षांचं मत आहे. एरवी एकमेकांच्या पंगतीला नाकं मुरडणारे हे दोन गट एका बाबतीत ताबडतोब एक होतात : बाहेरून आलेला तिसरा माणूस.

अध्यक्ष बदलीवाले. बँकेतून निवृत्त झालेले. फ्रीगंजच्या मागच्या बाजूला त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते राहतात, वर भाडेकरू. हा भाडेकरू आणि त्याची बायको सिंधमधले हिंदू. काही वर्षांपूर्वी तीर्थयात्रेच्या व्हिसावर एका जथ्याबरोबर भारतात आले. हरिद्वार झालं, उज्जैन झालं, क्षिप्रेत अंघोळ झाली. जथा परत गेला, हे दोघे राहिले. पुढे त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला. नागरिकत्वाला अजून वर्षं होती आणि तोवर त्या व्हिसाची मुदत वाढवत राहणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

मुदतवाढीला राहत्या घराचा पुरावा लागतो, म्हणजे घरमालकाची सही लागते. चौकशीला पोलीस आला की घरमालकाने ‘हो, इथेच राहतो’ असं म्हणावं लागतं. सही नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर मुदतवाढ नाही, आणि मुदत संपली की माणूस बेकायदा. त्या वर्षी मुदत दिवाळीच्या आसपास संपत होती. भाडेकराराचे कागद अध्यक्षांच्या टेबलावर सहीसाठी पडून होते.

भाडेकरू फ्रीगंजमधल्या एका कापड दुकानात होता. महाकालाला येणाऱ्या यात्रेकरूंना भैरवगढच्या छापाच्या चादरी विकायचा. तो काही गोड माणूस नव्हता. पाण्याच्या मोटारीवरून त्याची शेजाऱ्यांशी भांडणं होत. सगळ्यांना ‘साईं’ म्हणायचा आणि त्या एका शब्दानंतर वाटेल ते बोलायचा. शहरात बंगाली बोलणारे मजूर बांधकामावर आले, तेव्हा दुकानात बसून त्याने मला सांगितलं होतं, “इन सबको बाहर करो, साईं. हम तो काग़ज़ लेकर आए हैं. ये चोर की तरह आए हैं.” मी म्हटलं, त्यातले पुष्कळ इकडच्याच बंगालचे आहेत. तो म्हणाला, “होंगे. शकल से तो नहीं लगते.”

त्याला व्यासपीठावर आणायची कल्पना सचिवबाईंची. त्या शाळेत शिकवत, आमच्यातल्याच, जुन्या घरातल्या. “पुण्याचे वक्ते आकडे देतील,” त्या म्हणाल्या. “मग आपल्या भाडेकरूचं अनुभवकथन ठेवू. तिकडे काय काय सोसलं ते सांगेल. दोन बायका तरी रडल्या पाहिजेत, नाही तर लोक प्रसाद घेऊन सटकतात.”

अध्यक्षांना कल्पना आवडली. पीडित माणूस आपल्याच घरात, आणि मानधनही द्यायला नको. भाडेकरू आधी नाही म्हणाला. मग बायकोने त्याला टेबलावरच्या कागदांची आठवण करून दिली आणि तो हो म्हणाला.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणजे वक्त्यांना पाणी देणं आणि वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवणं. पुण्याच्या वक्त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं नाही. भिंतीची उंची, दिवे, तारा, कॅमेरे असं सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्या भाषणात माणसं नव्हती, लोंढे होते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

मग भाडेकरू उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, केसांना भरपूर तेल. तो हिंदीत बोलला आणि सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे बोलला. त्याचं किराणा दुकान एकदा फोडलं गेलं होतं. पोलिसांनी तक्रार घेतली नव्हती. शेजारच्या गावातली एक मुलगी उचलून नेली गेली, तेव्हापासून त्याची बायको एकटी विहिरीवर गेली नाही. गावाचं नाव त्याने घेतलं नाही, माणसांचीही नाही. हे मला लगेच जाणवलं. जिथे आपलं माणूस मागे आहे, तिथली नावं माणूस घेत नाही. डेस्कवर असताना अशा मुलाखतींतली नावं आम्हीही काढून टाकत असू.

पुढच्या रांगेतली एक बाई डोळ्यांना पदर लावत होती. सचिवबाई समाधानाने मागे रेलल्या. कार्यक्रम तिथे संपायला हवा होता. अध्यक्षांनी माइक घेतला.

“अब बताइए,” ते म्हणाले, “आपने तो सब भोगा है. सरकार से क्या कहेंगे? भिंत, मतलब दीवार, कितनी ऊँची होनी चाहिए?”

भाडेकरूने थोडा विचार केला. “दीवार तो है ही, साहब. तार भी है, बत्ती भी है. हम फिर भी आ गए. आना तो नहीं रुका. अब जाना रुक गया है.”

“जाना?” अध्यक्ष म्हणाले. “वापस कौन जाएगा?”

“मैं. अमां उधर है. उसका घुटना चलता नहीं और भैंस वो छोड़ती नहीं. बस चलती, परमिट मिलता, तो मैं आठ महीने यहाँ कमाता और चार महीने उसके पास रहता. वो सर्दी में इधर आ जाती. मैं वीज़ा के पीछे क्यों भागता, और आपका किराएदार भी क्यों बनता?” काही जण हसले. त्याला वाटलं, सभा आपल्या बाजूने आहे. “कॉलोनी का चौकीदार नेपाल का है. हर साल धान लगाने घर जाता है, लौट आता है. उधर दीवार नहीं है, तो वो इधर बसा भी नहीं. मैं दीवार के कारण बसा हूँ. एक बार निकल गए तो दुबारा घुसने नहीं देंगे, इस डर से.”

“नेपाळची गोष्ट वेगळी आहे,” मागून कोणीतरी मराठीत म्हणालं.

वेगळी कशी, ते त्याने सांगितलं नाही. विचारलंही कोणी नाही. दुसरा एक जण उभा राहून हिंदीत म्हणाला, “इतनी याद आती है तो जाओ ना वहीं.” तिसऱ्याने ‘तिकडचाच निघाला’ असं शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं आणि ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. रडणाऱ्या बाईने पदर खाली घेतला. तिची फसवणूक झाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

भाडेकरू म्हणाला, “आपने पूछा तो बोल दिया, साईं,” आणि खाली बसला.

एवढी वर्षं डेस्कवर सीमेच्या बातम्या लावल्या. त्या दोनच प्रकारच्या असत : कोणी पकडला गेला किंवा कोणी मारला गेला. परवाना काढून आला, हंगामभर काम केलं, परवान्याची मुदत संपली तशी घरी गेला, अशी बातमी कधी आली नाही, कारण ती बातमी नसते. त्यामुळे वाचकाला दुसरी पद्धत असू शकते हेच ठाऊक नसतं. त्याला उघडं रान किंवा भिंत एवढंच दिसतं. भाडेकरू जे मागत होता ते फार साधं होतं : नोंद करा, बोटांचे ठसे घ्या, मुदत घाला, पण परत जायचा आणि परत यायचा रस्ता ठेवा. तो विचारवंत नव्हता. त्याला आई हवी होती. मंडळाने त्याला दुसऱ्याच कामासाठी बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली. ती बसली नाही.

“भैया, अंकलजी ने काग़ज़ लौटा दिए. बोले, दूसरा मकान देख लो.”

मी विचारलं, दुसरं घर बघितलंत का?

“पाकिस्तानी को कौन देगा? वीज़ा देखते ही बोलते हैं, फ़ैमिली से पूछकर बताते हैं.” मग ती नवऱ्यावर घसरली. “दुकान में तो दिन भर झूठ बोलता है, कि रंग नहीं जाएगा, नहीं जाएगा. एक दिन स्टेज पर नहीं बोल सकता था?”

आम्ही संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो, मी आणि भाडेकरू. सचिवबाई आधीच येऊन बसल्या होत्या. भाडेकरूला कोणी बस म्हटलं नाही, तेव्हा तो दाराजवळ उभा राहिला.

“मी ह्याला मंच दिला,” अध्यक्ष मला म्हणाले. तो समोर उभा असताना ते सगळं माझ्याशी आणि मराठीत बोलत होते. “माझ्या घरात राहतो, आणि माझ्याच सभेत मला तोंडघशी पाडतो. लोक मला विचारतायत, तुम्ही कोणाला ठेवलंय घरात?”

“तुम्ही प्रश्न विचारलात. त्याने उत्तर दिलं.”

“उत्तर कसलं? बंगला मागितल्यासारखं बॉर्डर उघडी मागतो. आठ महिने इथे, चार महिने तिथे. ही काय सासुरवाडी आहे?”

“मी तर आधीच बोलले होते,” सचिवबाई म्हणाल्या, “की ह्याच्याकडून लिहून घ्या.” त्या असं काही बोलल्या नव्हत्या.

“आई आहे त्याची तिकडे,” मी म्हटलं.

“माझी आई वारली तेव्हा मी भिंडला होतो. बँकेने सुट्टी नाही दिली. मी काय बँक उघडी ठेवा म्हणालो का?”

ह्याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. त्यांना मात्र तो मुद्दा बिनतोड वाटला असावा. ते शांत झाले आणि पहिल्यांदा भाडेकरूकडे वळले. “समापन के दिन आप फिर बोलेंगे. जो बोला वो ग़लत था, ऐसा बोलेंगे. और मोघम नहीं चलेगा.”

“मोघम?” भाडेकरूने माझ्याकडे पाहिलं.

“गोल-गोल नहीं. साफ़. किस गाँव में, किसने, क्या किया. नाम के साथ. मैंने बैंक में बिना नाम का काग़ज़ कभी पास नहीं किया.”

“फिर दस्तख़त?”

“फिर दस्तख़त.”

“बोल दूँगा, साहब,” भाडेकरू म्हणाला. “सौ बार बोल दूँगा.”

जिन्यात मी त्याला सांगितलं, माफी मागा, काहीही म्हणा, पण गावाचं नाव घेऊ नका. आई तिथे आहे. तो म्हणाला, “नाम के बिना ये मानेंगे नहीं. और साईं, यहाँ के मराठी लोगों की सभा वहाँ कौन सुनता है?”

समारोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या दिवशी नव्हतं तेवढं. काहीतरी होणार आहे हे मोहल्ल्यात पसरलं होतं. भाडेकरू तोच शर्ट घालून आला. त्याने हात जोडले, म्हणाला, त्या दिवशी माझी मती फिरली होती. आणि मग तो बोलायला लागला.

तो उत्तम विक्रेता होता हे मला त्या दिवशी कळलं. चादरीची एकेक घडी उलगडून दाखवावी तसा तो बोलत गेला, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून पुढची घडी उलगडत गेला. गावाचं नाव घेतलं. तिथल्या जमीनदाराचं नाव घेतलं. दुकान त्याच्याच माणसांनी फोडलं हे सांगितलं, आणि हे कदाचित खरं होतं. मग जमीनदाराच्या मुलांविषयी आणखी काही सांगितलं, जे त्याने आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि जे खरं असल्याचं मी सांगू शकत नाही. टाळी पडली की तो तिथेच आणखी थोडं वाढवायचा. शेवटी म्हणाला, “दीवार इतनी ऊँची बनाओ कि उधर वालों को इधर का सूरज न दिखे.” लोक उभे राहिले. पदरवाली बाई पुन्हा रडली.

अध्यक्षांनी त्याला शाल घातली. घरी गेल्यावर कागदांवर सही केली. शब्दाला ते पक्के आहेत, हे नोंदवलं पाहिजे.

सचिवबाईंनी भाषणाचं चित्रीकरण त्याच रात्री मंडळाच्या पानावर टाकलं. हे त्या प्रत्येक कार्यक्रमानंतर करतात. आमच्या भजनी मंडळाची ध्वनिचित्रफीतही तिथे आहे, ती चौदा-पंधरा जणांनी पाहिली असेल. हे भाषण इंदूरच्या कोणा सिंधी गृहस्थाने पाहिलं, आपल्या समाजाच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते आणखी कुठे कुठे गेलं. भिंती, तारा, दिवे आणि कॅमेरे ओलांडून ते सिंधमधल्या त्या गावात पोहोचायला फार वेळ लागला नाही.

जमीनदाराची माणसं म्हातारीकडे आली. तिला मारलं नाही. मोबाइलवर मुलाचं भाषण दाखवलं, संपूर्ण, आणि विचारलं, हा तुझाच ना? ती ज्या जागेवर राहत होती ती जमीन त्यांची होती. तिला निघायला सांगितलं. म्हैस ठेवून घेतली. एक लांबचा नातेवाईक तिला शहरात घेऊन गेला, एका देवळामागच्या खोलीत. तिच्या स्वतःच्या हातात फोन नव्हता, आणि तो नातेवाईक आता आपल्या फोनवरून भारतात बोलायला घाबरत होता. एकदा बोलला आणि म्हणाला, ह्या नंबरवर पुन्हा फोन करू नका.

हे सगळं मला भाडेकरूच्या बायकोने सांगितलं. तिला ते भाषण मंडळाच्या पानावरून काढून हवं होतं. मी अध्यक्षांना फोन केला.

“का काढायचं?” ते म्हणाले. “आपल्या पानावर आजवर एवढं कोणी काही पाहिलं नाही.”

मी कारण सांगितलं. ते म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो? असे लोक आहेत ते.” आणि सचिवबाईंना सांगून ते भाषण काढवलं. तोवर त्याच्या किती प्रती झाल्या होत्या, ते कोणालाही ठाऊक नव्हतं.

भाडेकरू त्यानंतर माझ्याशी दुकानात फार बोलेनासा झाला. गिऱ्हाइकांशी बोलायचा. त्याच्या बायकोने मात्र एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, “भैया, आपने उसको रोका था ना, नाम मत लेना?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मैंने कहा था, ले लेना.” आणि भाजीची पिशवी उचलून निघून गेली.

पोलीस चौकशीला आला तेव्हा अध्यक्षांनी त्याला पोहे-जलेबी खायला घातली आणि भाडेकरूची तोंड भरून स्तुती केली. मुदतवाढ दिवाळीनंतर आली. ज्या दिवशी आली त्या दिवशी मी मंडळाच्या हिशेबाचं काही विचारायला अध्यक्षांकडे गेलो होतो. भाडेकरू पेढ्यांचा डबा घेऊन खाली आला. त्याने आम्हा दोघांना पेढा दिला. अध्यक्षांनी तो तोंडात टाकला आणि आता त्यांना त्याच्याविषयी खरोखर आपुलकी वाटत होती, ह्यात मला शंका नाही.

“अच्छा हुआ,” ते म्हणाले. “अब माँ को इधर ले आओ. वहाँ अकेली क्या करेगी बेचारी? नीचे वाला स्टोर रूम ख़ाली है. मैं किराया नहीं लूँगा.”

“वीज़ा बंद है, साहब,” भाडेकरू म्हणाला. “उधर का रास्ता ही बंद है. कोई आ-जा नहीं सकता.”

“हाँ, वो तो है,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी क्षणभर विचार केला. “वो तो बंद ही रहना चाहिए.”

“जी,” भाडेकरू म्हणाला. त्याने डबा पुन्हा पुढे केला आणि अध्यक्षांनी दुसरा पेढा घेतला.